दावीद राजा आणि त्रुआचे रशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशी म्हणजे नेमके कोण?

रब्बी श्लोमो यित्झाकी. या नावाच्या आद्याक्षरांवरून ज्यू परंपरेत त्यांना रशी म्हणतात. जन्म १०४० चा, उत्तर फ्रान्समधल्या शांपेन प्रांतातल्या त्रुआ गावचा. तरुणपणी ते ऱ्हाइन नदीकाठच्या माइन्झ आणि वर्म्स इथल्या पाठशाळांत शिकले, मग गावी परतून त्यांनी स्वतःची पाठशाळा काढली. ११०५ मध्ये ते वारले.

त्यांनी तोरावर (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांवर), हिब्रू बायबलच्या बहुतेक पुस्तकांवर आणि बाबिलोनी ताल्मुदाच्या, म्हणजे ज्यू धर्मशास्त्रावरच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथाच्या, बहुतांश भागावर भाष्य लिहिलं. आजही छापील ताल्मुदाचं कुठलंही पान उघडा, मधोमध मूळ मजकूर आणि बांधणीच्या बाजूला रशींचं भाष्य असतं. भाषा अत्यंत आटोपशीर. एखादा हिब्रू शब्द अडला की ते सरळ तेव्हाच्या बोलीतला फ्रेंच शब्द हिब्रू अक्षरांत लिहून देतात. असे हजारो शब्द त्यांच्या भाष्यात आहेत, त्यामुळे जुन्या फ्रेंचचे अभ्यासकही या ज्यू पंडिताकडे वळतात.

ते द्राक्षमळे लावून पोट भरत, असं सगळीकडे वाचायला मिळतं. त्रुआभोवतीची खडूमिश्रित जमीन द्राक्षाला धड नाही, म्हणून काही इतिहासकारांना ही गोष्ट पटत नाही. रशींच्या चरित्रातला बराचसा मजकूर असाच पुढच्या पिढ्यांनी प्रेमाने भरलेला आहे, हे ध्यानात ठेवून पुढची उत्तरं वाचावीत.

त्यांचा दावीद राजाशी कोणता संबंध सांगतात?

वंशाचा. परंपरा अशी: बायबलमधला इस्राएलचा राजा दावीद याच्या वंशात पंडित हिल्लेल झाले, हिल्लेलच्या घराण्यात गमलिएल, गमलिएलच्या चौथ्या पिढीत दुसऱ्या शतकातले रब्बी योहानान हा-सांदलार आणि त्यांच्यापासून तेहेतिसाव्या पिढीत रशी. दावीदाचा काळ साधारण इ.स.पू. १००० धरतात. म्हणजे राजा आणि पंडित यांच्यात दोन हजार वर्षांचं अंतर आहे.

रशींनी स्वतः असा दावा केला आहे का?

नाही. त्यांनी इतकं लिहिलं, पण ‘मी दावीदाच्या कुळातला’ असं वाक्य त्यात कुठेही नाही.

तसं लिहायला जागा नव्हती म्हणावं, तर तीही होती. उत्पत्तीच्या ४९ व्या अध्यायात याकोब मरणापूर्वी मुलांना आशीर्वाद देतो आणि यहूदाकडून राजवेत्र जाणार नाही, असं सांगतो. त्या दहाव्या वचनावर रशींनी ताल्मुदाचा आधार घेऊन लिहिलं आहे: राजवेत्र म्हणजे दावीदापासून पुढे, म्हणजेच बाबिलोनमधले निर्वासितप्रमुख (तिथल्या ज्यूंचे पुढारी), ज्यांना राजसत्तेने अधिकार दिला होता. वचनाच्या उरलेल्या भागात येणारा नियम देणारा म्हणजे इस्राएलच्या भूमीतले ‘नासी’ (तिथल्या ज्यूंचे प्रमुख), अर्थात हिल्लेलचं घराणं. ज्या घराण्याच्या शाखेत पुढच्यांनी रशींना बसवलं, नेमकं त्याच घराण्याबद्दल रशी इथे लिहितात, आणि स्वतःविषयी चकार शब्द काढत नाहीत. मला हा पुरावा वंशावळीच्या कुठल्याही कागदापेक्षा वजनदार वाटतो.

आईकडच्या एका नातेवाइकाचा उल्लेख मात्र ते ताल्मुदावरच्या भाष्यात करतात: मामा, माइन्झचे रब्बी शिमोन. तो अर्थ मी मामांकडून ऐकला, एवढंच त्याचं निमित्त. कुळाची बढाई त्यातही नाही.

वंशावळ छापलेली मिळते. मग ती खोटी का म्हणायची?

खोटी म्हणायची गरज नाही, सिद्ध होत नाही एवढंच. कुठे भक्कम आणि कुठे पोकळ ते टप्प्याटप्प्याने पाहू.

दावीद ते यहोयाखीन: इथे बायबलमधल्या राजांच्या याद्या आहेत. इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यहोयाखीन राजाला धरून बाबिलोनला नेलं. बाबिलोनच्या उत्खननात मिळालेल्या मातीच्या पाट्यांवर त्याला आणि त्याच्या मुलांना तेल शिधा म्हणून दिल्याची नोंद आहे. वंशावळीतला एक माणूस त्याच्या शत्रूच्या कोठारातल्या हिशेबात सापडावा, हे भाग्य फार थोड्या वंशावळींना लाभतं.

यहोयाखीनचा नातू जरूब्बाबेल आणि नंतर: पहिल्या इतिहासाच्या तिसऱ्या अध्यायात त्याच्या पुढच्या काही पिढ्यांची नावं आहेत. मग यादी थांबते.

पुढचा माणूस थेट हिल्लेल, इ.स.पू. पहिल्या शतकातला. तो बाबिलोनहून यरुशलेमला आलेला. यरुशलेमी ताल्मुदात म्हटलं आहे की यरुशलेमात वंशावळीची एक गुंडाळी सापडली आणि तीत हिल्लेल दावीदाचा असं लिहिलं होतं. मधल्या काही शतकांचा सगळा भार या एका गुंडाळीवर आहे.

त्यातही एक मेख आहे. हिल्लेलच्याच घराण्यातले, मिश्नाचे (ताल्मुदाच्या मूळ गाभ्याचे) संकलक रब्बी यहूदा हा-नासी यांच्याविषयी यरुशलेमी ताल्मुदात एक प्रसंग येतो. ते म्हणतात, बाबिलोनचा निर्वासितप्रमुख हुना इथे आला तर मी त्याला माझ्या वर बसवीन, कारण तो पुरुषांकडून यहूदाचा आणि मी स्त्रियांकडून. म्हणजे खुद्द घराण्याचा मुख्य पुरुषच सांगतो की आमचा धागा आईच्या बाजूचा आहे. बाबिलोनी ताल्मुद त्यांना दावीदाचा मुलगा शफाट्या याच्या वंशात धरतो. शफाट्या हा अवीटलचा मुलगा. म्हणजे दावीदानंतर गादीवर आलेल्या शलमोनाची शाखा इथे नाहीच.

योहानान हा-सांदलार: रब्बी अकिवांचे शिष्य. यरुशलेमी ताल्मुद त्यांना अस्सल अलेक्झांड्रियाचे म्हणतो. नासी घराणं तर इस्राएलच्या भूमीतलं. अशक्य काही नाही, माणसं स्थलांतर करतातच, पण जोड द्यायला काहीतरी आधार हवा.

आणि शेवटचा टप्पा, योहानानपासून रशीपर्यंतच्या तेहेतीस पिढ्या. सुमारे नऊशे वर्षांना तेहेतिसाने भागलं तर पिढीमागे सत्तावीस वर्षं पडतात, हिशेब सुरेख जुळतो. पण हिशेब जुळणं आणि माणसं सापडणं यात फरक आहे. त्र्यंबकेश्वरच्या पुरोहिताच्या वहीत निदान प्रत्येक पिढीचा माणूस स्वतः येऊन नाव घालून गेलेला असतो. इथे तशी समकालीन नोंद एकाही पिढीची नाही.

मग हे नातं जुळवलं कुणी, आणि कशासाठी?

रशींच्या नंतरच्यांनी. लुरिया, ट्रेव्ह्स अशी अश्कनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची) घराणी रशींचे वंशज म्हणून ओळखली जात. पोलंडमधले सोळाव्या शतकातले मोठे पंडित सॉलोमन लुरिया (१५१०–१५७३) याच लुरिया घराण्यातले. या घराण्यांचे विवाह आपापसात आणि इतर रब्बी कुळांशी होत, त्यामुळे एका कुळाची पूर्वपीठिका चार कुळांची होई. रशींपर्यंत पोहोचलं की पुढे दावीदापर्यंतचा रस्ता तयारच होता.

कारणं समजण्यासारखी आहेत. लग्न जुळवताना कुळ बघायचे, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. दुसरं, मशीहा, म्हणजे येणारा उद्धारक राजा, दावीदाच्या वंशात येणार ही श्रद्धा. आपल्या घरात त्या रक्ताचा अंश आहे, हा विचार हद्दपारीत जगणाऱ्या माणसाला केवढा आधार देत असेल! १०९६ मध्ये पहिल्या क्रुसेडच्या जमावांनी वर्म्स आणि माइन्झ इथल्या ज्यूंची कत्तल केली. ज्या गावांत रशी शिकले तीच ही गावं, आणि तेव्हा रशी हयात होते. १२४२ मध्ये पॅरिसमध्ये ताल्मुदाच्या गाड्याच्या गाड्या जाळल्या गेल्या. १३०६ मध्ये फ्रान्सच्या राजाने ज्यूंना देशाबाहेर काढलं. अशा काळात मूळ कागद टिकत नाहीत, आठवणी टिकतात, आणि आठवणींना फाटे फुटतात.

रशींना तर मुलगे नव्हते. मग वंशज कसे?

तीन मुली होत्या: योखेवेद, मिर्याम आणि राहेल. मुलग्याचा उल्लेख कुठेही नाही. योखेवेदचं लग्न मेईर बेन श्मुएल यांच्याशी झालं आणि तिच्या मुलांनी पुढचं शतक गाजवलं. श्मुएल, म्हणजे रशबाम, आजोबांशी वाद घालून बायबलच्या सरळ अर्थाचा आग्रह धरणारे. धाकटे याकोब, रब्बेनू ताम (मृत्यू ११७१), त्या काळातले सर्वांत मोठे ताल्मुदपंडित. मिर्यामचे पती यहूदा बेन नातान यांनीही ताल्मुदावर भाष्य लिहिलं. ताल्मुदातल्या मक्कोत या भागावर रशींचं भाष्य मध्येच थांबतं, तिथून पुढचं या जावयाचं आहे.

तेव्हा रशींचे सगळे वंशज मुलींच्या बाजूचे. वरच्या टोकाला हिल्लेलचा धागा स्त्रियांकडून, खालच्या टोकाला रशींचाही. राजगादीचा हक्क पुरुषांच्या बाजूने मोजणाऱ्या परंपरेत ही वंशावळ दोन्ही टोकांना आयांच्या हाती आहे. वंशावळींच्या तक्त्यांत या बायकांची नावं बहुधा बारीक टायपात असतात, ते मला नेहमी खटकतं.

डीएनए चाचणीने निकाल लागणार नाही का?

नाही. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जातं. रशींना मुलगेच नव्हते, त्यामुळे त्यांचं वाय गुणसूत्र आजच्या कुणा वंशजाकडे असणं शक्य नाही. बाकीचा डीएनए दर पिढीला निम्मा होत जातो. तीस पिढ्यांनंतर एखाद्या ठरावीक पूर्वजाचा एकही तुकडा अंगात नसण्याचीच शक्यता जास्त. आणि तुलना करायला दावीदाचा नमुना आणणार कुठून?

गणित मात्र वेगळीच मौज दाखवतं. दर पिढीला पूर्वज दुप्पट धरले तर तीस पिढ्यांमागे शंभर कोटींहून जास्त जागा भरायच्या असतात. तेवढी माणसं तेव्हा जगातच नव्हती. म्हणजे तेच तेच पूर्वज अनेक वाटांनी येतात. त्यात अश्कनाझी समाज मध्ययुगात फारच लहान होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्याची मूळ परिणामकारक लोकसंख्या अवघी साडेतीनशेच्या आसपास काढली आहे. अशा समाजात रशींचा वंश टिकला असेल, तर आजचा जवळजवळ प्रत्येक अश्कनाझी ज्यू त्यांचा वंशज असणार. मग ‘आम्ही रशींचे’ हे विधान बरोबर ठरतं, पण त्यातला मान निघून जातो.

दावीदाचे वंशज म्हणवणारे इतर मध्ययुगीन विद्वान?

पुष्कळ. त्यांच्यातला फरक मोलाचा आहे.

बाबिलोनचे शेरीरा गाओन (गाओन म्हणजे तिथल्या पाठशाळेचे प्रमुख) यांनी ९८७ च्या आपल्या प्रसिद्ध पत्रात लिहिलं की आमचं कुळ निर्वासितप्रमुखांच्या घराण्यातलं, पण पूर्वजांनी ती गादी सोडून पाठशाळेतल्या पंडितांत बसणं पसंत केलं. हा दावा त्यांनी स्वतः केलेला आहे. त्यांचे पुत्र हाय गाओन यांच्या घराण्याच्या मुद्रेवर यहूदाचा सिंह होता, असं बाराव्या शतकातले स्पॅनिश इतिहासकार अब्राहम इब्न दाऊद नोंदवतात.

बगदादमधला निर्वासितप्रमुख तर रीतसर पदच होतं. बाराव्या शतकातला प्रवासी तुडेलाचा बेंजामिन तिथल्या दानिएल बेन हिस्दाय यांच्या थाटाचं वर्णन करतो. खलिफाच्या भेटीला निघताना घोडेस्वार पुढे होऊन दावीदाच्या पुत्रासाठी वाट मोकळी करा असं ओरडत.

मायमोनिडीस (मृत्यू १२०४) यांनी मिश्नाच्या भाष्याच्या शेवटी आपल्या सात पूर्वजांची नावं दिली आहेत. कुणी न्यायाधीश, कुणी पंडित. यादी सातव्या नावाला थांबते. यहूदा हा-नासी आणि त्यामार्गे दावीद हे नंतरच्यांनी जोडलं.

उलट टोकाला डॉन इसहाक अब्राबानेल (१४३७–१५०८), पोर्तुगाल आणि स्पेनच्या राजांचे खजिनदार आणि बायबलचे भाष्यकार. आपलं घराणं दावीदाचा बाप इशाय याच्या मुळातलं आणि पहिल्या मंदिराच्या विध्वंसानंतर स्पेनला आलेलं, असं ते अभिमानाने लिहितात. १४९२ ला त्याच स्पेनमधून त्यांना जावं लागलं.

दावीद तरी खरा होऊन गेला का?

उत्तर इस्राएलमधल्या तेल दान इथे १९९३ मध्ये अरामी भाषेतला कोरीव दगड सापडला, इ.स.पू. नवव्या शतकातला. त्यात एका शत्रुराजाने ‘दावीदाचं घराणं’ असा उल्लेख केला आहे. राज्य केवढं होतं यावर पुरातत्त्वज्ञ अजून भांडतात.

रक्ताचं नातं बाजूला ठेवलं, तर रशी आणि दावीद यांचा काही खरा संबंध उरतो का?

उरतो, आणि माझ्या मते खरा संबंध हाच. स्तोत्रसंहितेवरचं रशींचं भाष्य वाचलं की दिसतं.

दुसऱ्या स्तोत्राचं उदाहरण घेऊ. राष्ट्रं दंगा का करतात, पृथ्वीचे राजे परमेश्वराविरुद्ध आणि त्याच्या अभिषिक्ताविरुद्ध का उठतात, असं ते सुरू होतं. ख्रिस्ती परंपरेत हे येशूबद्दलचं भाकीत. जुन्या रब्बींनीही ते येणाऱ्या मशीहाबद्दल घेतलं होतं. रशी म्हणतात: आमच्या पंडितांनी हे मशीहा राजाबद्दल लावलं आहे, पण सरळ अर्थाप्रमाणे आणि पाखंड्यांना उत्तर म्हणून ते दावीदाबद्दलच घेणं योग्य. दावीदाला राज्याभिषेक झाल्याचं ऐकून पलिष्टी त्याच्यावर चालून आले, त्यांच्याविषयी हे स्तोत्र आहे. संदर्भ दुसऱ्या शमुवेलाच्या पाचव्या अध्यायाचा.

पाखंडी म्हणजे ख्रिस्ती वादविवादकार. पुढे बऱ्याच छापील आवृत्त्यांत सेन्सॉरच्या धाकाने ते शब्द गाळले गेले. परंपरेतला अर्थ आपल्या माणसांनी दिलेला असूनही रशी तो बाजूला ठेवतात आणि दावीदाला भविष्यातून काढून त्याच्या स्वतःच्या रणांगणावर परत उभं करतात. दावीदाला दावीद राहू देणं, ही त्यांची चाल. त्यात वाद जिंकण्याचा हेतू आहे हे उघड, पण वाचनाची शिस्तही आहे.

एक्कावन्नावं स्तोत्र अवघड आहे. बथशेबाशी झालेला व्यभिचार, तिचा नवरा उरीया याला लढाईत पुढे घालून मारवणं, मग नाथान संदेष्ट्याचं खडसावणं आणि दावीदाची क्षमायाचना. ‘तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं’, असं तो देवाला म्हणतो. कुणीही विचारील, मग उरीयाचं काय? रशी म्हणतात, म्हणूनच क्षमा करणं तुझ्या हाती आहे. उरीयाचं वाईट केलं तेही तुझ्याविरुद्धच, कारण मनाई तू केली होतीस. पुढे ते ताल्मुदातली एक कथा आणतात. दावीदाने स्वतःच देवाला आपली परीक्षा घ्यायला सांगितलं होतं. वासना आवरायचं बळ माझ्यात होतं, पण चाकराने धन्यावर मात केली असं लोकांनी म्हणू नये, असं रशींचा दावीद देवाला सांगतो. उरीयाच्या बाजूने पाहिलं तर हे उत्तर मला आजही पुरत नाही. पण राजाला निर्दोष ठरवून मोकळं होण्याची सोय ताल्मुदात होती (दावीदाने पाप केलं म्हणणारा चुकतो, असं तिथे एक मत आहे), आणि या स्तोत्रावर लिहिताना रशी पापाला पापच म्हणतात.

तेविसाव्या स्तोत्रात ते हळवे होतात. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, हे दावीदाने हेरेथच्या रानात म्हटलं, असं ते सांगतात. ते रान खापरासारखं कोरडं होतं आणि देवाने त्याला ओल दिली. हिरव्या कुरणाचं स्तोत्र त्यांनी पळपुट्या दावीदाच्या रुक्ष रानात नेऊन ठेवलं.

स्तोत्रं सगळी दावीदाचीच, असं रशी मानतात का?

नाही. पहिल्याच स्तोत्रावर ते दहा रचनाकारांची परंपरा देतात: आदाम, मलकीसदेक, अब्राहाम, मोशे, दावीद, शलमोन, आसाफ आणि कोरहाचे तीन पुत्र.

शलमोनाचं काय? रशींचं नावही तेच आहे.

श्लोमो म्हणजेच शलमोन, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही, नाव तेव्हाही सर्रास होतं. गीतरत्नावरच्या प्रस्तावनेत मात्र रशी शलमोनाला मोठं काम देतात. इस्राएलवर हद्दपारीमागून हद्दपारी येणार हे त्याने पवित्र आत्म्याने पाहिलं आणि नवरा दूर गेलेल्या, जिवंतपणी विधवा झालेल्या बाईचं हे प्रेमगीत लिहिलं, असं ते म्हणतात.

ख्रिस्ती अभ्यासक रशी वाचत का?

वाचत. फ्रान्सिस्कन पंडित निकोलस ऑफ लायरा (सुमारे १२७०–१३४९) पानोपानी ‘रब्बी सालोमोन’चा हवाला देतात. ज्यांना उत्तर म्हणून रशी लिहीत होते, त्यांच्याच वारसांच्या मेजावर ते पोहोचले.

‘रशी लिपी’ त्यांनी काढली का?

नाही. १४७५ मध्ये इटलीतल्या रेज्जो दी कालाब्रिया इथे त्यांचं तोराभाष्य छापलं, त्यात स्पॅनिश ज्यूंच्या हस्ताक्षराच्या वळणाचा टाइप वापरला होता. नाव नंतर चिकटलं. रशींनी स्वतः ते वळण कधी गिरवलं नसेल.

याचा महाराष्ट्राशी काही धागा आहे का?

रशींचा नाही. मायमोनिडीसचा आहे, आणि तोही असाच अर्धा इतिहास, अर्धी परंपरा.

मायमोनिडीसचा धाकटा भाऊ, नाव दावीद, जवाहिराचा व्यापारी. हिंदी महासागरात जहाज बुडून तो गेला. या धक्क्याने आपण जवळजवळ वर्षभर अंथरुणाला खिळलो होतो, असं मायमोनिडीसने पत्रात लिहिलं आहे. कोकणातल्या बेने इस्राएल समाजात दावीद रहाबी नावाच्या पाहुण्याची आठवण सांगतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ ज्यूच आहेत हे त्याने ओळखलं आणि त्यांना धर्माचे पाठ दिले. हा रहाबी म्हणजेच मायमोनिडीसचा भाऊ, असं काहींनी मानलं. पण रहाबी हे कोचीनच्या ज्यू व्यापारी घराण्याचं नाव, आणि त्यातला अठराव्या शतकातला दावीद रहाबी इतिहासाला जास्त जुळतो. मायमोनिडीसने एका पत्रात हिंदुस्तानातल्या ज्यूंबद्दल लिहिलं होतं की त्यांना शब्बाथ पाळणं आणि सुंता यापलीकडे धर्माचं काही ठाऊक नाही. भावाचं नाव जोडून कुणीतरी ती उणीव भरून काढली, असं वाटतं.

दावीद राजा मात्र या समाजात मराठीतून पोहोचला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्राएल मंडळी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचू आणि करू लागली.

आज रशींच्या खुणा कुठे पाहता येतात?

वर्म्सच्या सिनेगॉगला लागून १६२४ मध्ये बांधलेली ‘रशी चॅपेल’ नावाची अभ्यासाची खोली आहे. सिनेगॉग १९३८ मध्ये नाझींनी जाळलं आणि १९६१ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. तिथे एक भिंतीतला खळगाही दाखवतात: गरोदर आईला गाडीची धडक बसू नये म्हणून भिंतच आत सरली, अशी दंतकथा. स्पायर, वर्म्स आणि माइन्झ इथली ही ज्यू ठिकाणं २०२१ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत आली. त्रुआमध्ये त्यांच्या नावाची अभ्यास संस्था आणि १९९० मध्ये उभारलेलं स्मारक आहे. कबरीची नेमकी जागा मात्र हरवली आहे.